पंचांनी न घेतलेलं

भोंगऱ्याच्या आधीचे आठ दिवस
शहाद्याच्या आमच्या गल्लीत भट्टी निवत नाही.
वाकल्या, बाहट्या, कमरेच्या साखळ्या,
आणि धडगावच्या जीपमधून उतरणारी माणसं
ओट्यावर दाटीनं, पपईच्या क्रेटांसारखी.

ठुमलीबाई पावरा आली ती उन्हं कलल्यावर.
गर्दी सरायची वाट बघत
समोर भांडीवाल्याच्या पायरीवर बसून होती म्हणे.
मुठीतून एक नाणं दिलं.
“कडी घसायी गयी.”

तराजूत टाकलं.
अडीच तोळ्यांना चार-पाच गुंजा कमी.
राणीछाप नाही, होळकरी नाही.
कडेनं फिरणारी अक्षरं, निम्मी झिजलेली,
मध्ये एक बाई.
डोक्यावरून पदरासारखं काही घेतलेलं,
एका हातात पुस्तक, दुसऱ्यात काठी,
गालावर तिरपा ओरखडा.
कुणा सोनारानं कस बघितलेला.
आमच्याच घरातल्या, कदाचित.
सासरे उखर्डूशेठ नाणं हाती आलं की
आधी चेहऱ्यालाच कानस लावायचे.

जावेच्या लोकेशनं फोटो काढून कुठं कुठं पाठवला.
मी तार ओढून कडी वळेपर्यंत उत्तर आलं:
जर्मनीतलं, साडेतीनशे वर्षांपलीकडचं.
मठाची बाई. तिचीच गावं, तिचाच न्यायनिवाडा,
टांकसाळही तिची.
सुरतेला उतरलं असेल गोणीतून,
तापी धरून वर सरकलं असेल बैलांच्या पाठीवर.
बाकीची सगळी मुशीत गेली, बादशाही रुपये झाली.
हे एक कुणाच्या कनवटीला राहिलं,
देव जाणे.

ठुमलीबाई ऐकत होती.
“तिना नवरा?”
नाही.
“पोरं?”
नाही.
“मंग गावं कोनी दिधात तिले?”
लोकेशला ते सापडलं नाही.
मी फुंकणी तोंडाला लावली,
म्हणजे बोलावं लागत नाही.

मग तिनंच सांगितलं,
ज्वाळेकडे बघत, मला नाही.
तीस वर्षं झाली. नवऱ्याचं घर सोडलं
तेव्हा देज परत करायचं होतं.
बापानं घेतलेलं, पण फेडायचं हिनं.
बाहट्या गेल्या, दोन शेळ्या गेल्या,
आईच्या माळेतले रुपये एकेक करून
पंचांच्या घोंगडीवर मोजले.
शेवटचं हे.
म्होरक्यानं उलटंपालटं केलं, हसला.
“यावर राजा कोठे शे? हाई तं बाई शे.
चालाव नही.”
एक रुपया उसना आणला तिनं, मामाकडून.
तो फिटायला दोन पावसाळे गेले.
हे तेव्हापासून गळ्यात.

डाग बसला. मी कडी पाण्यात सोडली,
चर्र झालं.
रिठ्यात घासून द्यायला गेले तर म्हणाली, राहू दे,
काळीच बरी. ओळखीची आहे.
आणि माळेत ओवताना एकदम थांबून,
“राज्य व्हतं ना तिनं? पक्कं?”
पक्कं, मी म्हटलं.
इतकं पक्कं मी गिऱ्हाइकाला
चांदीबद्दलही कधी बोलले नसेन.
“मंग पंच खोटं बोलनात.”

मजुरी वीस रुपये. तिनं पंधरा ठेवले,
मी पुढं काही म्हटलं नाही.
जीपवाला हॉर्न देत होता.
गोमाईच्या पुलापर्यंत मला तो ऐकू आला,
की तसं वाटलं.

दुकान आवरताना कसोटीवर एक रेघ दिसली,
पांढरी, आखूड.
तिच्यासमोर घासलेली, सवयीनं,
गाल सोडून, कडेची.
रोज रात्री मेण फिरवून दगड कोरा करायचा,
ही सासऱ्यांची शिस्त.
पाटीवर अजून त्यांचंच नाव आहे.

मेणाचा गोळा डबीत तसाच ठेवला.
शटर ओढलं.